पायांची नाईट शिफ्ट

दिवसभर ऑफिस आणि मध्यरात्री पायात गोळे! नसांच्या आजारासोबत नोकरी, लोकल आणि संसार सांभाळताना झोप कशी वाचवायची?

वर्षातून एकदा हौसेने केलेला ट्रेक, मित्राच्या संगीतमध्ये दोन तास केलेला डान्स किंवा जिमचा पहिला दिवस. यानंतर पोटरीत गोळा आला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. आपण ओरडतो, पाय झटकतो, कुणीतरी धावत येऊन अंगठा ओढतं आणि दोन मिनिटांत प्रकरण मिटतं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सांगायला एक किस्सा मिळतो.

माझ्याकडे असे किस्से आठवड्याला चार-पाच जमतात. त्यामुळे ते सांगायची मजा केव्हाच संपली आहे!

माझा गोळा पोटरीत कमी आणि पावलात जास्त येतो. आधी तळव्याच्या मधोमध काहीतरी सळसळतं, त्वचेखालून मुंगी चालल्यासारखं. मग अंगठा सावकाश खाली वळतो, शेजारची बोटं एकमेकांवर चढतात आणि पाऊल पिळून ठेवलेल्या टॉवेलसारखं होऊन तसंच अडकतं. दुखतं म्हणजे किती? आवाज फुटत नाही इतकं. आणि हे शक्यतो रात्री दोन ते चारच्या दरम्यान होतं, म्हणजे सकाळी साडेनऊला प्रेझेंटेशन असेल तर हमखास.

मी तिशीची आहे, मुंबईत एका मार्केटिंग कंपनीत काम करते, ठाण्याहून लोकलने येते-जाते. आणि मला शार्को-मारी-टूथ नावाचा आजार आहे. थोडक्यात सीएमटी.

दाताचा काही संबंध नाही

नाव ऐकून पहिला प्रश्न हमखास येतो, ‘दातांचं काही आहे का?’ नाही हो! १८८६ मध्ये पॅरिसमधल्या ज्याँ-मार्तँ शार्को आणि पिअर मारी या डॉक्टरांनी आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॉवर्ड हेन्री टूथ यांनी या आजाराचं वर्णन केलं. तिघांची आडनावं एकत्र झाली, एवढंच.

हा मज्जातंतूंचा, म्हणजे आपण साध्या भाषेत ज्यांना नसा म्हणतो त्यांचा आनुवंशिक आजार. साधारण अडीच हजार माणसांमागे एकाला तो असतो, असा अंदाज सांगितला जातो. म्हणजे अगदी दुर्मीळही नाही. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता उभं राहिलं, तर माझ्यासारखे काही जण नक्की शेजारून जात असतील. फक्त त्यांनाही नाव माहीत नसेल.

याचे प्रकार बरेच आहेत. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार माझा, १ए. आपल्या सतराव्या गुणसूत्रावर पीएमपी२२ नावाचं एक जनुक असतं. त्याच्या दोन प्रती असायला हव्यात. माझ्याकडे तीन आहेत. एक तुकडा दोनदा छापला गेलाय. हे कारण शास्त्रज्ञांना १९९१ मध्ये सापडलं. या एका जादा प्रतीमुळे नसांवरचं मायलिन नावाचं आवरण नीट बनत नाही. वायरवरचं प्लॅस्टिक खराब झालं की काय होतं? तेच. निरोगी माणसाच्या हातातल्या नसेतून संदेश सेकंदाला पन्नास मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने जातो. माझ्या रिपोर्टवर आकडा होता २२. फास्ट लोकलच्या जमान्यात माझ्या नसा मालगाडी चालवतायत!

लक्षणं पायांपासून सुरू होतात, कारण तिथपर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सगळ्यात लांब. कंबरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जवळपास एक मीटरचा प्रवास. मग पावलाची कमान उंच होते, बोटं आकड्यासारखी वाकतात, घोटा सारखा मुरगळतो, चालताना पाऊल नीट उचललं जात नाही. शाळेत असताना माझी चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि मला चार पावलं गेल्यावर कळायचं. मैत्रिणी हसायच्या. मीही हसायचे.

बाबांचे मोजे

बाविसाव्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यूला नवीन हिल्स घालून गेले आणि जिन्यात दोनदा घोटा मुरगळला. त्या घोट्याच्या निमित्ताने हाडांच्या डॉक्टरांकडे, तिथून न्यूरॉलॉजिस्टकडे. एनसीव्ही म्हणजे नसांच्या वेगाची तपासणी झाली. रिपोर्ट घेऊन आत गेलो तेव्हा सोबत बाबा होते. डॉक्टरांनी माझी पावलं पुन्हा पाहिली, मग बाबांकडे वळून म्हणाले, ‘काका, जरा बूट-मोजे काढता का?’

बाबा एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर उभं राहून तिकिटं फाडली. घरात आले की पहिल्यांदा पाय धुवायचे आणि लगेच मोजे चढवायचे, मे महिन्यातही. आम्हाला ती त्यांची सवय वाटायची. त्या दिवशी ते खूप वेळ लेस सोडत बसले. मग डॉक्टरांनी दोघांची पावलं शेजारी-शेजारी ठेवायला सांगितली. तीच उंच कमान, तीच वाकलेली बोटं. फक्त बाबांची तीस वर्षं पुढे गेलेली.

‘रात्री गोळे येतात का?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘येतात ना. पण सगळ्यांचेच येतात की,’ बाबा म्हणाले. ‘दिवसभर उभं राहिल्यावर सगळ्यांचेच पाय दुखतात.’

आईला माहीत होतं म्हणे. रात्री दोनला बाबा उठून बसायचे, उशाशी ठेवलेला पंचा पावलाखालून घालायचे आणि दोन्ही टोकं धरून ओढत राहायचे. कुणाला उठवायचे नाहीत. आजीही असंच करायची, लुगड्याच्या पदराने. आमच्या घरात हा आजार किमान तीन पिढ्या नांदतोय आणि एकानेही दुसऱ्याला विचारलं नव्हतं की तुझंही असंच होतं का?

सीएमटी १ए मध्ये आई किंवा बाबांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के. नाणेफेक! माझ्या भावाच्या वेळी नाणं दुसऱ्या बाजूला पडलं. त्याचे पाय सपाट, झोप गाढ.

गोळा येतो तरी कुठून?

आखडतो स्नायू, म्हणून शिव्या त्यालाच बसतात. पण बहुतेक वेळा तो बिचारा हुकमाचा ताबेदार असतो. हुकूम येतो नसेकडून. स्नायूला जोडणारी नस कुणी न सांगता, एकामागून एक, वेगाने ‘आखड, आखड’ असे संदेश सोडत सुटते. स्नायू ऐकतो. नस निरोगी असली तरी थकवा आल्यावर हे होऊ शकतं. तुमच्या ट्रेकनंतर होतं ते हेच. माझ्या नसांची इन्सुलेशनच खराब, त्यामुळे त्या जरा जास्तच भडक डोक्याच्या आहेत. एवढ्या-तेवढ्याने पेटतात.

आणि रात्रीच का? झोपेत आपलं पाऊल आपोआप खालच्या दिशेला झुकतं, वर पांघरुणाचा भार. त्या स्थितीत पोटरीचे आणि तळव्याचे स्नायू आधीच आखूड झालेले असतात. अशा वेळी नसेची छोटीशी ठिणगीही पुरते. थंडीने हा प्रकार आणखी वाढतो. आमच्या ऑफिसात एसी असा लावतात की जणू आपण सगळे आईस्क्रीम आहोत. तिथे आठ तास गारठलेली पावलं रात्री त्याचा हिशेब मागतात.

हिशेब हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. गेली आठ वर्षं मी एका वहीत लिहून ठेवते. आज किती उभी राहिले, कुठले बूट होते, किती पाणी प्यायले, रात्री काय झालं. ती वही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: रात्रीचा गोळा रात्री तयार होत नाही. दिवसा केलेली उधारी तो रात्री वसूल करतो.

गोळ्याला गोळी आहे का?

गोळ्यांचा विषय निघाला की प्रत्येकाकडे एक इलाज असतो. केळं खा. लिंबू-मीठ-पाणी घे. मॅग्नेशियमच्या गोळ्या घे. काशाच्या वाटीने तळपाय चोळ. (हा शेवटचा मला आवडतो. आजार हटत नाही, पण आई चोळत बसली की झोप मात्र छान लागते.)

यातलं काय खरं? पाणी कमी पडलं किंवा रक्तातले क्षार बिघडले तर गोळे येऊ शकतात, त्यामुळे केळं आणि सरबत यात वाईट काहीच नाही. पण माझा प्रॉब्लेम नसेचा आहे, तो केळ्याला जुमानत नाही. मॅग्नेशियमची कथा जरा निराशेची. गोळ्यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने पुन्हा घेतला. निष्कर्ष असा की, वयस्कर लोकांमध्ये गोळे टाळण्यासाठी त्याचा लक्षात येण्याजोगा उपयोग होण्याची शक्यता कमी. रक्तात मॅग्नेशियम खरोखरच कमी असेल तर गोष्ट वेगळी.

एके काळी या दुखण्यावर क्विनाईन सर्रास घेतलं जायचं. हो, तेच मलेरियाचं. त्याने गोळे थोडे कमी होतात, पण रक्तातल्या प्लेटलेट्स घसरण्यापासून हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत धोके आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९४ मध्ये गोळ्यांसाठी त्याची दुकानातून थेट विक्री बंद केली आणि पुढेही कडक इशारे दिले. त्यामुळे ‘आमचे काका घ्यायचे’ म्हणून कुणी सुचवलं तर हात जोडा.

आता सगळ्यात गमतीचा भाग. लोणच्याचा खार! २०१० मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही तरुणांना व्यायामाने घाम काढून, विजेच्या सौम्य झटक्याने पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत मुद्दाम गोळा आणला गेला. ज्यांनी काकडीच्या लोणच्याचा खार प्यायला, त्यांचा गोळा सुमारे ८५ सेकंदांत सुटला. नुसतं पाणी प्यायल्यावर सुमारे १३४ सेकंद लागले. खार पोटातून रक्तात जाण्याइतका वेळच झाला नव्हता. म्हणजे घशाला बसलेल्या आंबट-खारट झटक्यामुळे मज्जासंस्थेचं लक्ष दुसरीकडे वळलं असावं, असा तर्क निघाला.

याच वाटेवर रॉडरिक मॅकिनन हे शास्त्रज्ञही होते. २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेला हा माणूस कायाकिंग करतो आणि त्यालाही गोळ्यांनी छळलं होतं. तोंडाला-घशाला झणका देणाऱ्या पदार्थांवर त्यांनी काम केलं. त्यातून एक औषध तयार झालं आणि चक्क सीएमटीच्या रुग्णांवर त्याची चाचणी सुरू झाली. मी कॅलेंडरवर खूण करून बसले होते. २०१८ मध्ये ती चाचणी थांबवली गेली, कारण अनेकांना ते औषध तोंडात सहन होईना.

तेव्हापासून माझ्या उशाशी एक छोटी बाटली आहे, आईच्या लिंबाच्या लोणच्याचा बिनतेलाचा खार. कधी उपयोग होतो, कधी नाही. पण रात्री अडीच वाजता एक चमचा घेतला की निदान दुखण्यावरून लक्ष उडतं, हे नक्की! ब्लडप्रेशर असणाऱ्यांनी मात्र हा प्रयोग करू नये. मीठ ते मीठच.

काही औषधं डॉक्टर रुग्ण बघून देतात. पण ती त्यांनीच ठरवायची, केमिस्टच्या काउंटरवर नाही. आणि मूळ सीएमटीला बरं करणारं औषध आजही नाही. हे एकदा नीट ऐकून घेतलं की डोकं शांत होतं आणि मग हातात काय आहे ते दिसायला लागतं.

त्या दोन मिनिटांत काय करायचं?

• स्नायू ज्या दिशेला ओढतोय त्याच्या उलट दिशेला हळूच ताणा. बोटं खाली वळली असतील तर ती हाताने धरून नडगीकडे ओढा. अंगठा वर ताठ झाला असेल तर तो खाली दाबा.

• झटके देऊ नका. ताण धरून ठेवा, तीस-चाळीस सेकंद. ताण बसला की स्नायू आणि हाडाला जोडणाऱ्या दोरीतून ‘सैल सोड’ असा उलट संदेश मणक्याकडे जातो. काम तो करतो, जोर नाही.

• हात पुरत नसेल तर पंचा किंवा ओढणी पावलाखालून घाला आणि टोकं ओढा. माझ्या फिजिओथेरपिस्टने मला हा ‘टॉवेल स्ट्रेच’ शिकवला तेव्हा मला हसू आलं. बाबा कुठल्या क्लासला गेले होते?

• उभं राहून पावलावर भार दिला तरी सुटतो. पण तोल जात असेल तर आधी कपाट किंवा भिंत धरा. अंधारात पडून मनगट मोडलं तर गोळा बरा म्हणायची वेळ येईल.

• गरम पाण्याची पिशवी चांगली, पण पावलांची संवेदना कमी असेल तर जपून. आमच्यासारख्यांना चटका कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. पाणी किती गरम आहे ते कोपराने किंवा दुसऱ्या कुणाच्या हाताने बघा.

• गोळा सुटला की लगेच आडवं होऊ नका. दोन मिनिटं खोलीत चाला. नाहीतर तो परत येतो, तेही दुप्पट जोमाने.

पायांचं बजेट

आपण पगाराचं बजेट करतो ना, तसंच मी पायांचं करते. रोज उभं राहण्याचे माझे साधारण दोन तास. त्यात सकाळची लोकल, प्रिंटरपाशी घालवलेली दहा मिनिटं, संध्याकाळचा भाजी बाजार, सगळं आलं. एखाद्या दिवशी क्लायंटचा इव्हेंट असेल तर भाजी नवरा आणतो. शुक्रवारी पबमध्ये उभं राहून गप्पा मारायच्या असतील तर येताना रिक्षा. उधळपट्टी करायचीच नाही असं नाही. फक्त कुठे करायची ते आपण ठरवायचं.

व्यायाम बंद करायचा नाही, हे फिजिओने पहिल्या दिवशी बजावलं. पण स्नायू दुसऱ्या दिवशीपर्यंत थकलेला राहील इतकाही करायचा नाही. मला सायकल आणि पोहणं चालतं. ट्रेडमिलवरची शर्यत चालत नाही. कंपनीच्या मॅरेथॉनमध्ये मी टी-शर्ट वाटायचं काम करते, बसून.

बुटांवर मी पैसे खर्च करते, बाकी कपडे सेलमधले. उंच कमानीच्या पावलाचा सगळा भार टाच आणि पुढच्या चवड्यावर पडतो. म्हणून मापाने बनवून घेतलेले इनसोल आणि घोट्याला धरून ठेवणारे बूट. उजव्या पायाला बुटाच्या आत हलकी प्लॅस्टिकची स्प्लिंट असते, पाऊल उचलून धरणारी. सलवारखाली दिसतही नाही. हिल्स मी एका मैत्रिणीला देऊन टाकल्या. तिच्या पायात मस्त दिसतात.

आणि झोपण्याआधीची पाच मिनिटं. भिंतीला दोन्ही हात टेकायचे, एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, पोटरी ताणायची. मग मांडीची मागची बाजू. मग हाताने बोटं वर. २०१२ मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ५५ वर्षांवरच्या ८० जणांपैकी निम्म्यांनी सहा आठवडे रोज झोपण्याआधी पोटरी आणि मांडी ताणली. त्यांचे रात्रीचे गोळे संख्येने आणि तीव्रतेने कमी झाले. त्यांना सीएमटी नव्हता, हे खरं. पण माझी वही सांगते की ज्या आठवड्यात मी हे चुकवत नाही, त्या आठवड्यात पाचचे दोन होतात. फुकटात इतकं मिळत असेल तर का सोडा? रात्री पायात लोकरीचे मोजे, आणि पांघरूण पायापाशी सैल. बस.

ऑफिसात सांगायचं का?

हा खरा अवघड प्रश्न. कारण आम्ही धडधाकट दिसतो. काठी नाही, व्हीलचेअर नाही. लोकलच्या दिव्यांग डब्यात चढले की पहिली नजर पायांकडे जाते आणि दुसरी चेहऱ्याकडे. ‘मॅडम, हा डबा...’ वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी कार्ड काढते. एकदा एका आजोबांनी कार्ड बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि सरकून जागा दिली. म्हणाले, ‘दिसत नाही हो काही.’ मी म्हटलं, ‘रात्री या दाखवायला, सगळं दिसतं.’ अख्खा डबा हसला.

आधीच्या एका नोकरीत मी प्रदर्शनातल्या स्टॉलवर खुर्ची मागितली होती. तिथले मॅनेजर म्हणाले, ‘सगळ्यांचेच पाय दुखतात.’ शब्दन्‌शब्द बाबांचं वाक्य! बाबांनी ते स्वतःला समजवायला वापरलं, यांनी मला गप्प करायला. त्या रात्री वहीत सात गोळ्यांची नोंद आहे.

म्हणून आताच्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात बॉसला आणि टीमला पाच ओळींची मेल टाकली. ‘मला पायांच्या नसांचा आनुवंशिक आजार आहे. तो संसर्गजन्य नाही आणि कामाच्या आड येत नाही. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त मी उभी राहत नाही, त्यामुळे इव्हेंटला मला खुर्ची लागेल. मीटिंगमध्ये मध्येच उठून भिंतीला पाय लावला तर दचकू नका. गोळा आला तर ॲम्ब्युलन्स नको, दोन मिनिटं आणि एक भिंत पुरे.’

बॉसचं उत्तर एका ओळीचं आलं. ‘कुठली भिंत हवी?’

सगळीकडे अशी बॉस मिळत नाही, कबूल. पण कायदा आहे, हे माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजारही त्यात येतात. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करावं, असं तो सांगतो. खुर्ची किंवा एसीपासून लांबची जागा, अशा रास्त सोयी मागणं म्हणजे कुणाचे उपकार घेणं नाही. आरक्षणासारख्या काही सवलतींसाठी सरकारी रुग्णालयातून किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. मी ते काढलं तेव्हा आई दोन दिवस बोलली नाही. ‘कागदावर कशाला लिहून घेतेस?’ तिसऱ्या दिवशी तिनेच कार्डाला प्लॅस्टिकचं कव्हर आणून दिलं.

डॉक्टरांकडे कधी?

ज्यांना सीएमटी नाही, पण रात्री वारंवार गोळे येतात, त्यांच्यासाठी. आठवड्यातून अनेकदा गोळे, पावलांत बधिरपणा, चालताना पाऊल घासणं, चप्पल नकळत निसटणं, सारखा घोटा मुरगळणं किंवा पोटऱ्या बारीक होत जाणं, यापैकी काही असेल तर ‘वात आहे’ म्हणून सोडून देऊ नका. थायरॉईड, साखर, किडनी, कॅल्शियम, बी१२ अशा साध्या तपासण्यांतून बरंच कळतं. बी१२ ची कमतरता शाकाहारी मंडळींमध्ये बरीच दिसते आणि ती नसांना इजा करते, पण तिला औषध आहे! कोलेस्टेरॉलच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या काही औषधांनीही गोळे येतात. ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि सीएमटी असेल तर दुसऱ्या कुठल्याही आजाराच्या डॉक्टरांना ते आधी सांगा. काही औषधं, उदाहरणार्थ कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन, आमच्या नसांची मोठी हानी करू शकतात.

दोघांचा प्रश्न

लग्न ठरवताना आईचा सल्ला होता, ‘आधीच कशाला सांगायचं, हळूहळू कळेल की.’ मी दुसऱ्याच भेटीत, कॉफी यायच्या आधी सांगून टाकलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘मग त्या वेळी मी काय करायचं असतं?’ मी टेबलाखाली सँडल काढून अंगठा कुठे धरायचा ते दाखवलं. वेटर थबकला होता.

आता तो अर्धवट झोपेत उठतो, अंगठा धरतो, ओढतो आणि पुन्हा घोरायला लागतो. एकदा त्याने चुकीच्या पायाचा अंगठा मन लावून ओढला. मी दुखण्याने रडत होते आणि हसतही होते.

सध्या आमच्यासमोर मोठा प्रश्न मुलाचा आहे. पुन्हा तीच नाणेफेक. जनुकीय समुपदेशनासाठी आम्ही जाऊन आलो, पर्याय ऐकून घेतले. अजून ठरलेलं नाही. कुणी घाई केली तरी ठरणार नाही. परवा बाबांशी हा विषय निघाला. ते हल्ली घरात मोजे घालत नाहीत. पाय पसरून, बोटं चोळत बसले होते. म्हणाले, ‘मला साठी उलटल्यावर कळलं, तुला बाविसाव्या वर्षी. त्याला झालंच, तर पहिल्या दिवसापासून नाव तरी माहीत असेल. आणि मोजे काढायची लाज वाटणार नाही.’

डॉक्टर, फिजिओ, वही, खार, सगळं आपापल्या जागी ठीक. पण आमच्या घरातली तीन पिढ्यांची झोप ज्याने खाल्ली, तो अर्धा आजार होता आणि अर्धी मुकाट्याने सोसायची सवय. पहिल्यावर औषध यायचं आहे. दुसऱ्यावर आजच उपाय आहे आणि त्याला प्रिस्क्रिप्शन लागत नाही. घरात एकाला, ऑफिसात एकाला सांगा. मग ती खुर्ची मागा.

पायांची नाईट शिफ्ट मला बंद करता येणार नाही. ओव्हरटाईम मात्र मी बराच कमी केलाय.